माझे अठरा, त्याचे दहा

८ फेब्रुवारी, शनिवार

आज कळलं. चार वर्षं कळलं नव्हतं. न्हावी मला लुटतोय.

माझ्या आधी खुर्चीत पाववाला बसला होता. डोक्यावर नुसतं जंगल. अर्धा तास कात्री चालली, खाली केसांची गादी झाली. उठला, दहा दिले, गेला. मग मी. माझ्याकडे कानांवर दोन पट्टे आणि मागे एक, एवढाच माल शिल्लक आहे. सात मिनिटांत उरकलं. अठरा.

विचारलं. मी कुणाला भीत नाही, आणि इथली भाषा मला उत्तम बोलता येते. वाचता येत नाही, पण वाचण्यासारखं इथे आहे काय? न्हाव्याने फडकं झटकलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं की तुम्ही बाहेरचे आहात ना, म्हणून. वर हसला. मीही चुकून हसलो. त्याचा राग वेगळा.

मी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बावीस वर्षांची सर्व्हिस, त्यातली शेवटची चार या परमुलखात. शंभर खोक्यांत एक खोकं दोन मिलिमीटरने कमी भरलं तर अख्खा लॉट परत पाठवतो. आणि हा माणूस डोक्याडोक्यांत आठाचा फरक काढणार?

सूड घेणार. तारीख टाकून ठेवली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. ही नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर. दुसऱ्यांच्या पँटी आखूड करते, चेन बसवते, पडदे शिवते. म्हणाली, जाऊ द्या हो, आठाने काय आपण भिकेला लागणार आहोत का. म्हटलं, प्रश्न आठाचा नाही, तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, मग तत्त्व जरा तिकडे सरकून मांडा, मला तिथे कापड पसरायचंय.

हिच्या डोक्यात सध्या एकच विषय. कोपऱ्यावरचा रिकामा गाळा. चार वर्षं पै-पै साठवून बयाणा दिलाय. आता दुकानाचा परवाना आला की मशीन तिकडे जाणार. रोज झोपायच्या आधी कपाट कुठे, आरसा कुठे, याचा नकाशा काढते. गाळा नेमका न्हाव्याच्या भिंतीला भिंत लावून. म्हणजे शत्रूच्या शेजारी. पण हिला राजकारण कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाहणी सुरू. भाजीवालीच्या गाडीमागे वीस मिनिटं उभा राहिलो, मोबाईलवर बोलण्याचं नाटक करत. टोमॅटो इथल्या बाईला चार, मला सात. चांभाराकडे टाच बसवायला त्यांना सहा, मला दहा. फुटपाथवर वजनाचा काटा घेऊन म्हातारा बसतो, तोसुद्धा त्यांच्याकडून एक घेतो आणि माझ्याकडून दोन. वजनही माझंच जास्त सांगितलं.

अख्खी गल्ली सामील आहे. एकेकाला बघतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वेषांतर. इथले पुरुष घालतात तसली लोकरी टोपी घेतली (दीडपट भावाने, पण ही शेवटची वेळ). बगलेत इथला पेपर. चालही त्यांच्यासारखी, जरा खांदे पाडून. भाजीवालीपुढे तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. टोमॅटोकडे बोट दाखवलं, एक बोट वर केलं.

सात म्हणाली. टोपी तुम्हाला शोभते, असंही म्हणाली.

प्लॅन चांगला होता. पेपर उलटा धरला गेला असावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवा डाव. कारखान्यात गोंद विभागात एक इथलाच माणूस आहे. त्याला मी गोंद्या म्हणतो. त्याला इथल्यांच्या दराने माझ्यासाठी खरेदी करायला पाठवलं. पठ्ठ्याने टोमॅटो बरोबर चारने आणले! नैतिक विजय. जाताना बसभाडं मागितलं, आल्यावर चहा, आणि चहाबरोबर खायला काहीतरी. एकूण खर्च धरला तर टोमॅटो एकोणीसला पडले. पण भाजीवालीला माझ्याकडून तीन जास्त मिळाले नाहीत, हे महत्त्वाचं. चांगली जिरवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

न्हाव्यावर बहिष्कार. केस घरीच कापले. हिची मोठी कात्री घेतली. ही भाजी घेऊन आली आणि कात्री बघून अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई धावत आल्या. कापडाची कात्री केसाला लावत नाहीत म्हणे, धार मरते. माझ्या डोक्याकडे मात्र दोघींपैकी कुणी पाहिलं नाही. नंतर पाहिलं. घरमालकीणबाई तोंडावर पदर धरावा तसा हात धरून गेल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं की तब्येत ठीक आहे ना, काही ट्रीटमेंट चालू आहे का. म्हटलं, आंदोलन चालू आहे.

१ मार्च, शनिवार

लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

बहिष्काराचा आठवा दिवस. स्वयंपाकघरात पाहिलं तर टोपलीभर टोमॅटो. कुठून आणले? भाजीवालीकडून. कितीला? ही टोमॅटो धुवायला लागली. पुन्हा विचारलं. चारला.

गेली दोन वर्षं हिला चारलाच मिळतात. चांभारही हिच्याकडून सहाच घेतो. आणि हिने मला सांगितलं नाही. म्हणे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

मग कारणं सांगत बसली. भाजीवालीच्या मुलीच्या लग्नाचे कपडे ऐनवेळी घट्ट झाले, ते हिने तीन दिवसांत उसवून नीट केले. न्हाव्याची आई अंथरुणाला खिळली होती, तिला पाठीकडून बांधता येतील असे नाड्यांचे झगे शिवून दिले. म्हातारी गेली तेव्हा ही सकाळपासून त्यांच्याकडे होती. मी त्या दिवशी कुठे होतो? ऑफिसच्या पिकनिकला.

ही म्हणाली, इथली रीतच आहे तशी. आपल्या माणसाकडून कमी घ्यायचं. तुम्ही कुणाशी दोन शब्द बोलत नाही, आल्या दिवसापासून बॅग भरून बसल्यासारखे वागता, मग त्यांना तुम्ही पाहुणेच वाटणार.

मला वाईट पैशाचं वाटलं नाही. चार वर्षं दर महिन्याला मी त्या माणसापुढे मान खाली घालून बसलो. माझ्या डोक्यावरचा एकेक केस गेलेला त्याने पाहिलाय. आणि तरी मी बाहेरचा, आणि माझी बायको आतली. जेवलो नाही. नंतर जेवलो.

आता सूड दुप्पट होणार. आजपासून हे युद्ध वैयक्तिक नाही. सार्वत्रिक न्यायासाठी आहे.

५ मार्च, बुधवार

सहज हिला विचारलं, घरमालकीणबाईंच्या पँटची उंची कमी करायचे किती घेतलेस? पंधरा. आणि या शहरात आपल्याकडच्यांची जी अकरा घरं आहेत, त्यांच्याकडून? आठ.

म्हटलं, म्हणजे? ही म्हणाली, म्हणजे काय, ते आपले आहेत.

यात मला काहीही चूक दिसत नाही. शिवणकाम ही कला आहे. कलेला भाव नसतो, दोनही असू शकतात. आणि आपल्या लोकांना जरा सांभाळून घ्यावंच लागतं. न्हाव्याची गोष्ट संपूर्ण वेगळी आहे. कशी ते सवडीने लिहून ठेवीन.

१० मार्च, सोमवार

अर्धी रजा टाकून ग्राहक तक्रारींच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर चष्मेवाल्या बाई. त्यांना पाहणीचा तक्ता दाखवला, चार रंगांत. बाई म्हणाल्या की एका माणसाच्या तक्रारीवर काही होत नाही, गल्लीतल्या रहिवाशांची साक्ष हवी.

साक्ष? साक्षीने गुदमरवतो.

घरी येईपर्यंत योजना तयार. प्रश्नावली! गोंद्याकडून इथल्या भाषेत लिहून घेणार. प्रश्न एकच: ‘एकाच कामाचे वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळे पैसे घेणारे तुमच्या गल्लीत कोण आहे? त्यांचं नाव लिहा. तुमचं नाव लिहू नका.’

१२ मार्च, बुधवार

गोंद्याने लिहून दिलं. पण तीनदा विचारलं की नक्की वाटायचंय का? घरी विचारलंय का? म्हटलं, तू भित्रा आहेस.

हिला सांगितलं की कारखान्याचा सर्व्हे आहे. उगाच सांगून वचपा फुकट घालवायचा नाही.

१५ मार्च, शनिवार

चिठ्ठ्यांसाठी पेटी तयार केली. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम खोकं. पाच थरांचा फाइव्ह प्लाय पुठ्ठा, कोपरे डबल, वरती फक्त चिठ्ठी जाईल एवढी फट. चारही बाजूंनी टेप, टेपवर माझी सही, सहीवर क्वालिटीचा शिक्का. कुणाच्या बापाला उघडता येणार नाही. मलाही नाही, आणि मी उघडणारही नाही. ज्याने सँपल घेतलं त्याने सँपल उघडायचं नसतं. बावीस वर्षं हा नियम पाळला, सुडासाठीसुद्धा मोडणार नाही. उद्या न्हावी म्हणायला नको की चिठ्ठ्यांत घोळ केला.

पेटी जिन्याखाली ठेवली, मीटरच्या डब्याशेजारी. पहिली चिठ्ठी माझी. न्हाव्याच्या पाटीवरून एकेक अक्षर बघून बघून काढलं. वळण सुरेख आलंय.

२२ मार्च, शनिवार

प्रतिसाद प्रचंड! एकेचाळीस चिठ्ठ्या, वाटलेला एकही कागद बाहेर उरला नाही. लोक किती पिळले गेलेत! घरमालकीणबाईंनी तर माझ्यासमोर लिहून टाकली आणि माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की तुमच्या मिसेसना हे चालणार आहे ना? छातीवर हात ठेवून सांगितलं की हा आमच्या संपूर्ण कुटुंबाचा निर्णय आहे. त्या म्हणाल्या, फार मोठ्या मनाचे आहात.

आहेच.

२४ मार्च, सोमवार

पेटी जमा. चष्मेवाल्या बाईंना ती उघडताना शिपाई बोलवावा लागला. त्यालाही जमेना, मग पाना आणला. असं खोकं त्यांनी जन्मात पाहिलं नसणार. पोच घेतली.

संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानावरून दोनदा मुद्दाम गेलो. हात वर करून नमस्कार केला त्याने. कर बाबा, कर. थोडे दिवस राहिलेत.

७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी साडेचार. लवकर घरी. पत्र आलंय! जाड कागद, दोन शिक्के, खाली लफ्फेदार सही. मजकूर वाचता येत नाही, पण एवढे शिक्के कुणी शिव्या द्यायला मारत नाही. आभारपत्र असणार, निदान अभिनंदन. न्हाव्याचं दुकान बंद झाल्याची तारीखही असावी, कारण खाली एक तारीख ठळक छापली आहे.

हिच्या मशीनच्या वर भिंतीवर चिकटवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘परदेशात एकट्याने लढा जिंकला.’ त्याचा अंगठा आला.

त्याच दिवशी, सात वाजता

ही आली. हिला वाचता येतं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून कधी शिकली कुणास ठाऊक. पत्रापुढे उभी राहून बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एकेचाळीसपैकी छत्तीस चिठ्ठ्यांवर हिचं नाव आहे. तीन कोऱ्या. एकीवर भाजीवालीचं. एकीवर न्हाव्याचं, ती चिठ्ठी माझी.

दोन दर लावण्याबद्दल हिची चौकशी. चौकशी होईपर्यंत गाळ्याचा परवाना स्थगित. ठळक तारीख सुनावणीची आहे, एकवीस एप्रिल. गाळामालकाला दिलेल्या बयाण्याची मुदत तीस तारखेला संपते.

ही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मशीनवर कव्हर घातलं आणि विचारलं की या चिठ्ठ्या कुणी गोळा केल्या? मी म्हणालो की तांत्रिकदृष्ट्या गल्लीने.

९ एप्रिल, बुधवार

ही बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. मशीनचं कव्हर तसंच. दुकानाचा नकाशा कचऱ्याच्या डब्यात सापडला. काढून, पुसून, सपाट करून माझ्या कपाटात ठेवला.

हा न्हाव्याचा कट आहे. त्याने गल्ली फितवली. दुसरं काही असूच शकत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

घरमालकीणबाईंना जाब विचारायला वर गेलो. त्यांनी आधी बसवलं, मग पाणी दिलं. म्हणाल्या की तुम्ही विचारलंत, आम्ही खरं लिहिलं. आमच्याकडून तुमच्या मिसेस पंधरा घेतात, त्यांच्या लोकांकडून आठ. सगळ्या बायकांना माहीत आहे. त्यात तक्रार कसली? आपल्या माणसाला कमीच लावतात, आम्हीही तेच करतो. आम्हाला वाटलं, तुम्ही त्यांच्या दुकानासाठी काही चांगलं करताय, नावं गोळा करून.

मी विचारलं, न्हाव्याचं नाव का नाही लिहिलं? म्हणाल्या, तो आमच्याकडून दहाच घेतो. आम्हाला कसं कळणार तुमच्याकडून किती घेतो ते? आणि मग त्यांनी विचारलं, की किती घेतो हो?

सांगितलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

हिच्या बचावाचं निवेदन लिहायला घेतलं. चौदा पानं. मुद्दा: न्हाव्याचे दोन दर अन्याय, हिचे दोन दर संस्कृती. गोंद्याने भाषांतराला नकार दिला. म्हणाला, चहा पाजलात तरी नाही.

पान तीननंतर मलाच पुढचा मुद्दा सुचेना, मग तोच फिरवून फिरवून लिहिला. पेन चांगलं नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार

सुनावणी.

मी सूट घातला होता. निवेदन काखेत. आत गेलो तर न्हावी. सोमवारी, दुकान बंद ठेवून! म्हटलं, आला तमाशा बघायला. त्याच्यामागे भाजीवाली, गाडी कुणाच्या तरी भरवशावर सोडून. त्यांच्यामागे घरमालकीणबाई आणि गल्लीतल्या नऊ बायका. एकीने तर हिने शिवलेला पडदाच पुरावा म्हणून आणला होता.

न्हावी पहिला उभा राहिला. म्हणाला, ही बाई आमची आहे. माझ्या आईला शेवटी नीट कपडा हिच्यामुळे मिळाला. ती आमच्याकडून पंधरा घेईल नाहीतर पन्नास, ते आमचं आम्ही बघू. भाजीवाली डोळे पुसत होती. ही खाली मान घालून बसली होती, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा हिचा चेहरा सैल पडलेला पाहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या की हे सगळं ठीक आहे, पण प्रकरण बंद करायचं तर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यायला हवी. कारणासहित. स्वतःच्या हाताने, इथल्या लिपीत. कोण आहे तक्रारदार?

अख्ख्या खोलीने मला जागा करून दिली.

मजकूर न्हाव्याने एका कागदावर लिहून दिला. मी तो बघून बघून उतरवला, अक्षराखाली अक्षर. काय लिहितोय ते हिला विचारलं. हिने हळू आवाजात सांगितलं: ‘दोन दर ही गल्लीची रीत आहे. मी बाहेरचा आहे. बाहेरच्याने जास्त द्यावे हे मला मान्य आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.’

चौदा पानांचं निवेदन खुर्चीखाली ठेवलं. सही केली. चार वर्षांत इथल्या लिपीत मी लिहिलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. अक्षर चांगलं आलंय असं न्हावी म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तो ते मनापासून म्हणाला. त्याच क्षणी त्याचा सर्वांत जास्त राग आला.

तक्रार मागे घेण्याची फी भरायला खिडकीवर गेलो. फलक लावलाय. इथल्या नागरिकांना वीस, बाहेरच्यांना चाळीस. चाळीस भरले. पावती घेतली.

२५ एप्रिल, शुक्रवार

परवाना आला. ही त्याच दिवशी गाळ्याची किल्ली घेऊन आली. जेवताना बोलली. मीठ द्या, म्हणाली.

५ मे, सोमवार

दुकान सुरू झालं. मशीन नेताना न्हाव्याने एक बाजू धरली, मी दुसरी. जिना उतरताना तो म्हणाला, सांभाळून, मागे पायरी आहे. चार वर्षांत मला ती पायरी माहीत नसेल? तरी अडखळलो.

कारखान्यातून दुकानाच्या मालासाठी बारा खोकी आणून दिली, मोफत. आत नेऊन रचलीही. ही म्हणाली, तिथे नको, इकडे. एवढंच. पण म्हणाली.

सुडाचं पुढे काय करायचं ते ठरवलं नाही. तूर्त स्थगित.

११ मे, रविवार

ऑफिसच्या पँटची शिवण उसवली. घरी मशीन नाही, म्हणून दुकानात गेलो. पुढे तीन बायका होत्या. थांबलो. नंबर आल्यावर हिने पँट उलटी करून पाहिली, मापाची टेप गळ्यात, एक टाचणी दातांत. बावीस, म्हणाली.

म्हटलं, आपल्या माणसांना आठ आहेत ना?

माहीत आहे, म्हणाली.

मागे दोन बायका उभ्या होत्या. बावीस दिले. पँट गुरुवारी मिळणार आहे.